जीर्णोद्धाराची पावती फाटायच्या आधी: गावातल्या जुन्या वास्तूंची नोंद कशी करायची

नवी मुंबईतल्या कुठल्याही गावठाणात शिरा, घणसोली घ्या, करावे घ्या, दिवाळे घ्या, चार-पाच मजली घरांच्या खिंडीत अजून एखादं कौलारू घर दिसतंच. पुढे ओटी, लाकडी खांब, दाराला जाड कडी-कोयंडा आणि उंबऱ्याजवळ कुणीतरी आजी सुकट निवडत बसलेली. तिकडे भिवंडी, शहापूर, मुरबाडच्या बाजूला गेलात तर अशी घरं अजून रांगेने सापडतात, तलावाच्या काठाला शेंदूर फासलेले दगड असतात, लोकल बोर्डाच्या काळातली शाळा असते. आणि सगळीकडे एकच चाललंय, दर उन्हाळ्यात यातलं काही ना काही खाली येतं. कुणी हौसेने पाडत नाही हो, कुटुंब वाढलेलं असतं, छप्पर गळत असतं, कौलं चाळायला माणूस मिळत नाही आणि वर चार खोल्या काढल्या तर भाडं येतं. अशा माणसासमोर उभं राहून वारसा जपा म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. पण पाडायच्या आधी त्या घराचं माप, फोटो आणि गोष्ट कागदावर यायलाच पाहिजे, आणि ते काम आर्किटेक्ट नसलेली, रविवारची सुट्टी असलेली दोन-तीन माणसं आरामात करू शकतात. कसं करायचं ते खाली सांगतो.

आधी नुसतं फिरा, टेप घरी ठेवा

हे गमतीने सांगत नाहीये. १९७० साली सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) आली, ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली ९५ गावं नवी मुंबईच्या नकाशात गेली, जमिनी संपादित झाल्या, १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानला जमिनीच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, मग साडेबारा टक्के (गेलेल्या जमिनीच्या बदल्यात तेवढा विकसित भूखंड परत) आलं, मग गरजेपोटीच्या (कुटुंब वाढलं म्हणून परवानगीशिवाय बांधलेल्या) घरांचा घोळ जो सुरू झाला तो अजून चालूच आहे. त्यामुळे गावठाणात अनोळखी माणूस हातात टेप आणि पॅड घेऊन दिसला की लोकांना एकच वाटतं, नोटीस आली. दारं बंद होतात, आणि एकदा बंद झाली की पुढचं वर्षभर तुम्हाला कुणी ओटीवर बसवणार नाही. म्हणून पहिल्या फेरीला हात मोकळे ठेवा, गावातलाच एखादा सोबत घ्या, शक्यतो ग्रामस्थ मंडळातला किंवा ज्याला सगळे मामा म्हणतात असा. "कोनाचा रं तू?" हा प्रश्न येणारच, त्याला सरळ उत्तर द्या, बापाचं नाव, आजोळ, सगळं. दुसऱ्या गावचे असाल तर कुणाकडून आलात ते सांगा.

या फेरीत फक्त यादी करायची. यादी म्हटली की लोक देऊळ आणि वाडा लिहून मोकळे होतात. तेवढ्यावर थांबू नका. गावदेवीचं देऊळ, वेशीवरचा वेताळ किंवा बहिरी, मशीद-दर्गा-चर्च असेल तर ते, विहिरी (पायऱ्यांची असेल तर खास), तलावाचा घाट, पार, चावडी, शाळा, दीपमाळ, सुट्टे कोरीव दगड, स्मशानाकडची सतीशिळा, आणि खाडीकाठच्या गावात मिठागराची चौकी, खाजणाची (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीची) बंदिस्ती म्हणजे बांध, तिच्यातली उघाडी. उघाडी म्हणजे भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये आणि आतलं पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून बांधात ठेवलेलं दार, आगरी-कोळी गावं ज्याच्यावर जगली ते तंत्र आहे ते, आणि त्याची नोंद जवळपास कुणीच करत नाही, कारण ते दिसायला देवळासारखं सुंदर नाही.

यादी झाली की क्रम लावायचा, आणि इथे माझं मत पक्कं आहे: वयाप्रमाणे लावू नका, धोक्याप्रमाणे लावा. हजार वर्षांचं देऊळ पुढच्या वर्षीही तिथेच असेल, पण ज्या घराचा करार बिल्डरशी झालाय किंवा ज्या देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी सुरू झालीये ते पुढच्या पावसाळ्याआधी जाणार. अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहारांच्या (कोकणातलं जुनं राजघराणं) काळातलं, शिलालेख शके ९८२ चा म्हणजे इ.स. १०६०, केंद्राच्या संरक्षणाखाली, त्याच्यावर अभ्यास करणारे खूप आहेत. तुमच्या आळीतल्या पाच खणी घरावर मात्र तुमच्याशिवाय कुणी नाही.

परवानगी आणि भाऊबंदकी

देवळाचं काम असेल तर ट्रस्ट, पुजारी आणि ग्रामस्थ मंडळ तिघांना विचारा, एकाला विचारून दुसऱ्याला वगळलं की काम अडलंच म्हणून समजा. घराचं असेल तर जो राहतो त्याला आणि ज्याचं नाव कागदावर आहे त्याला, ही दोन माणसं बरेचदा वेगळी असतात आणि एकमेकांशी बोलत नसतात. एका घरात मोठ्या काकांनी प्रेमाने चहा पाजून सगळं दाखवलं आणि माजघराच्या दाराला पुतण्याचं कुलूप, असं होतंच. अशा वेळी अर्ध्या घराची नोंद करायची आणि बाकीचं रिकामं सोडायचं, कुलूप उघडायला मध्यस्थी करायला जायचं नाही. एक साधं पत्र छापून ठेवा, की ही नोंद फक्त गावाच्या इतिहासासाठी आहे, मालकी, क्षेत्रफळ किंवा बांधकाम परवानगीशी हिचा संबंध नाही. खाली तुमची सही आणि फोन नंबर. देवघराचे, दागिन्यांचे, तिजोरीचे फोटो काढणार नाही हेही त्यात लिहा, आणि खरंच काढू नका.

माप घेणं

सामान फार लागत नाही. ३० मीटरची फायबर टेप, ५ मीटरची स्टीलची, आलेखाचा कागद, पॅड, पेन्सिल, टॉर्च, दोरी. लेझर मीटर असेल तर उंची आणि आढ्यापर्यंतचं माप पटकन मिळतं, पण कुडाच्या खडबडीत भिंतीवर आणि भर उन्हात तो दगा देतो, तेव्हा टेप हवीच.

आधी डोळ्याने अंदाजे प्लॅन काढून घ्या, पडवी, ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, गोठा, जिना, सगळं. मग मापं भरायची. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने करा. एक, लांब भिंतीवर दार-खिडक्यांची मापं तुकड्यातुकड्याने घेऊ नका, एका कोपऱ्याला टेपचं शून्य धरून तिथूनच सगळं मोजत जा, नाहीतर प्रत्येक तुकड्यातला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर साठत जातो आणि शेवटी भिंत जुळत नाही. दुसरं, प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या, कारण जुन्या घराचे कोपरे काटकोनात क्वचितच असतात आणि कर्ण नसेल तर घरी येऊन चित्र जुळवताना डोकं फुटतं. प्लॅन १:१०० ला काढला की कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे एक मीटर, सोपं पडतं. दाराची चौकट, कोरीव खांब, तोडे असलं काही असेल तर तेवढंच १:२० ला मोठं काढा.

जोत्याची उंची, भिंतीची जाडी (दारातून सहज मोजता येते), खांबाखालच्या दगडी तळखड्याचं माप, वाशांमधलं अंतर, हे विसरलं जातं. आणि घर किती खणांचं ते मालकाच्या तोंडचं जसंच्या तसं लिहा, दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि त्या घराचा खण किती फुटांचा आहे ते मोजून बाजूला टाका. गावातल्या सात-आठ घरांचे खण मोजलेत की लक्षात येतं कुठली घरं एकाच सुताराच्या हातची असावीत.

मग वस्तू काय आहे ते. भिंत काळ्या दगडाची, जांब्याची, विटांची का कारवीच्या कुडाची, वर शेणामातीचा गिलावा. जोडायला चुना का माती. लाकूड साग, ऐन, किंजळ, का शिसव, ओळखता येत नसेल तर म्हाताऱ्या सुताराला विचारा, फोटोवरून अंदाज ठोकू नका. कौलं हातची नळीची का मंगळुरी.

फोटो काढताना

मोबाईल पुरतो. प्रत्येक बाजूचा एक सरळ समोरून, चारही कोपऱ्यांवरून तिरके, मग आतल्या खोल्या, मग तपशील. पहिला फोटो नेहमी कागदाचा काढा, त्याच्यावर घराचं नाव, तारीख, आळी लिहिलेली, म्हणजे नंतर चारशे फोटोंमध्ये कुठलं घर कुठून सुरू झालं ते कळतं. तपशिलाच्या फोटोत एखादी पट्टी ठेवा. वाइड अँगलने खोली मोठी दिसते पण खांब वाकडे होतात, तो मोह टाळा.

कोरीव दगडासाठी सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी जा. ऊन तिरपं पडलं की झिजलेली अक्षरं उठून दिसतात, दुपारी बाराला तोच दगड कोरा वाटतो. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून एका बाजूने धरायची आणि दुसऱ्याने फोटो काढायचा, मग टॉर्च दुसऱ्या बाजूला, मग वरून. सात-आठ फोटो असे काढलेत तर वाचणाऱ्याचं अर्धं काम झालं. खडू फिरवणं, पीठ चोळणं, तेल ओतणं, तारेच्या ब्रशने घासणं, यातलं काहीही करायचं नाही. कागदी ठसा घ्यायचा असेल तर तो जाणकाराकडून. शेंदराचा थर असेल तर तो काढायला तर मुळीच जाऊ नका, तो देव आहे, लोक त्याला रोज नमस्कार करतात.

फिरून फोटो काढून मोबाईलवरच थ्रीडी मॉडेल बनवणारी ॲप आहेत, त्यासाठी प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साठ-सत्तर टक्के भाग परत यायला हवा आणि ढगाळ दिवस बरा. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड), नंदी, विहिरीचं तोंड याला झकास चालतं. पूर्ण घराला नाही, कौलांवर गोंधळतं.

दगड वाचायला शिका

तलावाकाठी किंवा देवळाबाहेर भिंतीला टेकवून ठेवलेले उभे दगड असतात, त्यातले तीन प्रकार ओळखता आले की पुष्कळ झालं. वीरगळात खालून वर कप्पे असतात, खाली लढाई किंवा पडलेला वीर, मधे अप्सरा त्याला वर नेतायत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, टोकाला कलश. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर चक्क गलबतांची लढाई आहे. सतीशिळेवर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात. आणि गधेगळ, वर चंद्र-सूर्य, मधे दानाचा लेख, खाली गाढव आणि बाई, म्हणजे हे दान जो मोडेल त्याला दिलेली शिवी. शिलाहारांच्या काळात कोकणात हे बरेच उभे राहिले, अलिबागजवळच्या आक्षीचा प्रसिद्ध आहे. गावातली मंडळी ते चित्र बघून लाजतात आणि दगड पालथा घालून ठेवतात, किंवा त्याला धुणं धुवायला वापरतात. तुम्हाला असा दगड दिसला तर हलवू नका, आहे तिथेच फोटो, माप आणि लोकेशन घ्या, कारण तो कुठल्या शिवेवर उभा आहे हीच त्याची अर्धी माहिती.

वय कसं ठरवायचं

"दोनशे वर्षांचं असेल" हे वाक्य प्रत्येक गावात ऐकायला मिळतं, ते लिहून घ्या पण खरं धरून चालू नका.

इ.स. काढायला, लेखात शक असेल तर ७८ मिळवा, पौष ते फाल्गुनातली तिथी असेल तर बहुतेक ७९. मोडी कागदात शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना) आला तर ५९९ किंवा ६००, फसली (महसुली साल) असेल तर ५९० किंवा ५९१. म्हणजे देवळाच्या पायरीवर शके १७९८ दिसलं तर १८७६-७७.

मंगळुरी कौल उलटं करून बघा. मागच्या बाजूला कारखान्याचं नाव आणि शिक्का उमटवलेला असतो, बोटाने धूळ पुसली की अक्षरं लागतात. बाझल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला १८६५ मध्ये, तेव्हा तसलं कौल त्याच्या आधीचं असूच शकत नाही. पण घाई नको. कौलावर छापलेलं वर्ष कारखाना सुरू झाल्याचंही असू शकतं, आणि कौलं तर दर काही वर्षांनी बदलतात, आधी गवताचं किंवा नळीच्या कौलांचं छप्पर असलेल्या घरावर मंगळुरी नंतर चढली असं सर्रास झालंय. कौल छपराचं वय सांगतं, घराचं नाही. तसंच तुळईच्या जागी रेल्वेचा रूळ टाकलेला दिसला तर ते काम १८५३ नंतरचं, बोरीबंदर-ठाणे गाडी त्या वर्षी १६ एप्रिलला धावली, आणि रूळ जुने होऊन भंगारात यायला अजून बरीच वर्षं गेली असणार. देशात सिमेंटचं नियमित उत्पादन १९१४ च्या सुमारास सुरू झालं, म्हणून खेड्यातल्या घरात मूळचं सिमेंट दिसलं की ते त्याच्या बरंच नंतरचं.

म्हाताऱ्या माणसांना सन विचारू नका, घटना विचारा. गोदीत स्फोट झाला तेव्हा (मुंबई बंदरात, १४ एप्रिल १९४४, खाडीच्या या बाजूलाही त्याच्या आठवणी सांगणारी माणसं भेटतात) हे घर होतं का? वाशीचा पहिला पूल झाला तेव्हा, म्हणजे १९७३ ला, इथे काय होतं? तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा स्वयंपाक कुठे व्हायचा, बाळंतिणीची खोली कुठली, भात कुठे साठवायचे? या प्रश्नांना बायका जी उत्तरं देतात त्यावरून घर कसं वापरलं जायचं ते समजतं, आणि आपल्याकडे नेमकं त्यांनाच कुणी विचारत नाही, ओटीवर बसलेल्या पुरुषांशी बोलून लोक उठतात. रेकॉर्डिंग विचारून करा आणि सुरुवातीला तारीख, नाव बोलून घ्या.

कागद

पहिला दरवाजा मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रजांनी काढलेल्या जिल्हावार माहितीग्रंथांचा. ठाणे जिल्ह्याचे १३ वा खंड (दोन भाग) आणि १४ वा खंड, छापील साल १८८२, चौदाव्यात ठिकाणांची वर्णनं आहेत. राज्याच्या दर्शनिका विभागाने ते ऑनलाइन फुकट ठेवलेत. पनवेल, उरण, कर्जत तेव्हा ठाण्यातच होते, पालघर तर २०१४ पर्यंत होतं, म्हणून आज रायगडमध्ये असलात तरी ठाण्याचाच खंड उघडा. जुनी स्पेलिंग फिरवून फिरवून शोधावी लागतात, वसईला बेसीन, साष्टीला साल्सेट. गावाचं नाव नाही सापडलं तरी तालुक्याच्या वर्णनात मीठ, भात, शिलोत्री (बांध घालून लागवडीखाली आणलेल्या) जमिनी, बंदरं यावर इतकं आहे की तुमची उघाडी तिथे कशी आली ते कळेल.

घरांसाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, जुनी मिळाली तर सोनं, त्यात घराचं वर्णन मातीचं-कौलारू-पक्कं असं लिहिलेलं असतं. गाव महापालिकेत गेलेलं असेल तर जुनी दफ्तरं कुठे गेली ते विचारत बसावं लागतं, चिकाटी ठेवा. भूमी अभिलेखच्या कार्यालयातून गावठाणाचा नकाशा, सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक. देवळाच्या जमिनीसाठी सातबारा आणि फेरफार, देवस्थान इनाम वर्ग ३ असा उल्लेख येतो का बघा, आणि धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टची नोंद. स्वातंत्र्याच्या आसपासपर्यंतचे बरेच कागद मोडीत आहेत. गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी, कुणबी दाखल्यांच्या शोधामुळे अलीकडे खूप ठिकाणी हे बाहेर काढून स्कॅन झालंय, तेव्हा आता मागितलं तर कर्मचाऱ्याला तुम्ही काय मागताय ते तरी कळतं. मोडी वाचता येत नसेल तर पुराभिलेख खात्याचे आणि इतर संस्थांचे वर्ग चालतात, बाराखडी बसायला थोडे आठवडे पुरतात, घसट, म्हणजे भरभर लिहिलेलं, वाचायला मात्र वर्षं जातात.

पावसाच्या आधी काय करता येईल

नोंद करताना मालक विचारतोच, मग आता काय करू? इंजिनिअर नसाल तर भिंत धोक्याची आहे की नाही यावर बोलू नका, पण पाण्याचं सांगा. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जुनं घर मरतं ते पाण्याने. फुटकी कौलं मृगाच्या आधी बदला, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब न्या, भिंतीला टेकवून ठेवलेली माती-रेती हलवा. चुन्यात बांधलेल्या दगडाला किंवा जांब्याला वरून सिमेंटचा गिलावा मारू नका, आतला ओलावा बाहेर पडायची वाट बंद होते, खाडीच्या खाऱ्या हवेत तर मीठ फुटून दगडाचा पापुद्राच निघतो. दरजा भरायला चुना, वाळू, विटांची भुकटी. देवळाच्या दगडाला ऑईल पेंट हा तर आपल्याकडचा रोगच झालाय, एकदा मारला की नक्षी बुजली आणि काढायला गेलं की दगड जातो. भिंतीत पिंपळ रुजला असेल तर लहान असताना काढा, मुळं खोल गेल्यावर ओढलात तर त्याच्याबरोबर भिंत येईल, तेव्हा फक्त छाटत राहायचं आणि जाणकार बोलवायचा.

कायद्याचं थोडक्यात. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, हे २०१० च्या दुरुस्तीनंतरचं. राज्य संरक्षित स्मारकांना राज्याचा १९६० चा कायदा लागतो. पाया खणताना नाणी, मूर्ती, हंडा काही निघालं तर १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गावकऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा, नंतर भांडण होतं.

नोंद ठेवायची कुठे

प्रत्येक वास्तूची एक फाईल. वरचं पान एकच: नाव, आळी, लोकेशन, कुणी बांधलं म्हणतात, कशावरून, साहित्य, आजची अवस्था, धोका, नोंद करणारा, तारीख. मागे प्लॅन, फोटोंची यादी, बोलण्याचा उतारा. ऐकीव ते ऐकीव आणि मोजलेलं ते मोजलेलं असं वेगळ्या शाईत लिहा, पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला दोन्ही हवंय पण वेगवेगळं हवंय.

तीन प्रती करा, एक मालकाला किंवा ट्रस्टला (छापून, पेनड्राईव्ह दिलात तर तो कपाटात हरवणार), एक गावच्या शाळेत किंवा वाचनालयात, एक तुमच्याकडे हार्ड डिस्कवर आणि क्लाउडवर. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फोटो ही प्रत नाही, तिथे तो दबून बारीक होतो. आणि उघड्यावरच्या मूर्ती, वीरगळ, गधेगळ यांचं नेमकं लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका, मूर्ती चोरणारे आणि गुप्तधनाच्या नादाने दगड उपटणारे दोघेही तिथेच बघत असतात. लोकेशन फाईलमध्ये ठेवा, पोस्टमध्ये नुसतं तालुक्याचं नाव पुरे. जीर्णोद्धार ठरलाच असेल तर मंडळाच्या बैठकीत दोनच मागण्या ठेवा, जुना शिलालेख आणि कोरीव दगड राडारोड्याच्या ट्रकमध्ये जाऊ नयेत, आणि पाडकाम सुरू व्हायच्या आधी तुम्हाला दोन दिवस मिळावेत. एवढ्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.